कोयत्याचा हिशोब कोणाच्या वहीत?



हंगाम जवळ आला की आपल्याकडे पारावर, सोसायटीत, गट ऑफिसात बोलणे एकाच गोष्टीचे चालते. टोळ्या किती आल्या? लागण कधीची, नोंद कितव्या तारखेची, पाळी केव्हा, चिटबॉय फिरकला की नाही, हे सगळे प्रश्न शेवटी टोळीपाशी येऊन थांबतात. ऊस उभा आहे, तुरा आला आहे, वजन घटते आहे आणि टोळी शेजारच्या शिवारात अडकली आहे, हा अनुभव आपल्यापैकी कोणाला नाही?

म्हणून या अंकात आम्ही टोळीविषयीच लिहीत आहोत. मात्र टोळी केव्हा येईल याविषयी नव्हे. टोळीतला माणूस कोणाचा, त्याचा हिशोब कोणाच्या वहीत, आणि तो हिशोब नीट वहीत आला तर त्याचे व आपले काय भले होईल, याविषयी. विषय जरा कडू आहे, पण आपल्या घरातला आहे.

तीन माणसे, तीन हिशोब

आपला माल तीन माणसांच्या हातून जातो. फडात ऊस तोडणारा, कारखान्यात तो गाळणारा, आणि आपण मिरची, कापूस, धान्य घेऊन दोंडाईच्याच्या बाजार समितीत गेलो तर तिथे पोते उचलणारा. तिघेही घाम गाळतात. पण तिघांचा हिशोब निरनिराळा आहे.

कारखान्याच्या गेटाच्या आतला कामगार घ्या. त्याचे नाव हजेरीपटावर आहे. त्याला वेतनश्रेणी आहे, प्रॉव्हिडंट फंड आहे, हंगामी असेल तर बंद काळातला रिटेन्शन भत्ता आहे. हे त्याला आपोआप मिळाले नाही. १९५७ साली केंद्र सरकारने साखर उद्योगासाठी पहिले वेतन मंडळ नेमले. त्यात कारखानदारांची माणसे, कामगारांची माणसे आणि त्रयस्थ जाणकार एकत्र बसले, आणि देशभरच्या साखर कामगाराला श्रेणी ठरली. पुढे महाराष्ट्रात त्रिपक्षीय समितीची पद्धत पडली. संप झाले, मोर्चे झाले, पण शेवट प्रत्येक वेळी बोलण्याने झाला आणि जे बोलले ते कागदावर आले.

बाजार समितीतला हमाल घ्या. आपल्या हिशोबपट्टीत हमाली आणि तोलाई वेगळी लिहिलेली असते. हमालाला, मापाड्याला बाजार समितीचा परवाना असतो. समितीच्या संचालक मंडळात शेतकऱ्यांचे, व्यापाऱ्यांचे प्रतिनिधी असतात तसा हमाल-मापाडी मतदारसंघातून निवडून आलेला एक संचालकही असतो. म्हणजे जिथे हमालीचा दर ठरतो तिथे हमालाचा माणूस बसलेला असतो.

आता आपल्या फडातला तोडकरी घ्या. वर्षातले पाच-सहा महिने तो आपल्या बांधावर, कारखान्याच्या माळावर कोपी घालून राहतो. त्याला कधी विचारून पाहा, "दादा, आजवर किती टन झाला? उचल किती फिटली?" बहुतेकदा उत्तर एकच मिळते, "हिशोब मुकादमकडे शे, भाऊ." गेटाच्या आत सगळे हिशोब छापील आणि गेटाच्या बाहेर सगळे तोंडी. ऊस तोच, साखर तीच, आणि मध्ये फक्त एक गेट.

माथाडींनी ते कसे मिळवले

कोणी म्हणेल, रोज जागा बदलणाऱ्या, ठरलेला मालक नसलेल्या माणसाला नोकरदारासारखे हक्क कसे द्यायचे? हाच प्रश्न साठ वर्षांपूर्वी मुंबईच्या बाजारांत विचारला जात होता. डोक्यावर ओझे वाहणारा म्हणून माथाडी. आज या व्यापाऱ्याचे पोते, उद्या त्या व्यापाऱ्याचे. व्यापारी म्हणे, हा माझा नोकर नाही. टोळीचा म्होरक्या म्हणे, मी फक्त माणसे आणतो. मग अपघात झाला, म्हातारपण आले, तर जबाबदार कोण? कोणीच नाही.

सातारा जिल्ह्यातून मुंबईला आलेल्या अण्णासाहेब पाटील यांनी या माथाड्यांची संघटना बांधली. त्या लढ्यातून १९६९ साली महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. अण्णासाहेब १९८२ साली गेले, पण कायद्याने घालून दिलेली पद्धत टिकली. ती आपण नीट समजून घेतली पाहिजे, कारण तिच्यात आपल्या प्रश्नाची किल्ली आहे.

कायद्याने व्यापाऱ्याला असे सांगितले नाही की प्रत्येक माथाड्याला कायम नोकरीत घे. त्याने मध्ये एक मंडळ उभे केले. मंडळात मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समसमान, आणि सोबत सरकारचे. कामगाराने मंडळात नोंद करायची, व्यापाऱ्यानेही नोंद करायची. टोळीने काम केले की व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर ठरलेली टक्केवारी, म्हणजे लेव्ही, मंडळाकडे भरायची. मंडळ मजुरी कामगाराला देते, आणि लेव्हीतून त्याचा प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी सुट्टी, औषधपाणी चालते. कामगार रोज दहा दारांत काम करो, त्याचा हिशोब एकाच वहीत. आजही नवी मुंबईत कोपरखैरणे, घणसोलीकडे माथाड्यांच्या वसाहती दिसतात. पाठीवर पोते घेणाऱ्याच्या नावावर घर झाले ते या वहीमुळे.

या पद्धतीत दोष शिरले नाहीत असे नाही. काही ठिकाणी खोट्या टोळ्या, काम न करता पैसे मागणे, असल्या तक्रारी झाल्या आणि व्यापारी त्यांना कंटाळले. पण दोष काढायचा म्हणून वहीच फाडायची नसते. चुकीची नोंद खोडता येते. जिथे नोंदच नाही तिथे खोडणार काय?

हा विचार आता जगाने उचलला आहे. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेत सरकार, मालक व कामगार हे तिन्ही पक्ष १९१९ पासून एकत्र बसतात. या संघटनेने २०१५ साली एक शिफारस मंजूर केली, तिचा क्रमांक २०४. कच्च्या कामावरच्या माणसाला पक्क्या कामावर आणायचे तर वरून हुकूम काढून भागणार नाही, तिन्ही पक्षांनी बोलून वाट काढावी, असा तिचा सारांश आहे. आपल्या माथाड्याने ते शेहेचाळीस वर्षे आधी करून दाखवले होते.

फडात बोलणी आहेत, पण अर्धीच

ऊसतोडीत बोलणीच होत नाहीत असे म्हणणे चूक ठरेल. राज्य साखर संघ आणि तोडणी मजुरांच्या व मुकादमांच्या संघटना यांच्यात दर काही वर्षांनी करार होतो. शरद पवार आणि गोपीनाथ मुंडे यांचा लवाद अनेकांना आठवत असेल. मुंडे २०१४ साली गेल्यावर पंकजा मुंडे त्यांच्या जागी बोलणीत बसल्या. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या साखर संकुलात झालेल्या बैठकीत तोडणी दरात ३४ टक्के वाढ ठरली. टनाला २७३ रुपयांचा दर ३६६ रुपयांवर गेला आणि मुकादमाचे कमिशन १९ टक्क्यांवरून २० टक्के झाले.

या वाढीचा अर्थ मजुराच्या भाषेत सांगायचा तर असा. समजा एका जोडप्याने, म्हणजे एका कोयत्याने, १ लाख रुपये उचल घेतली. जुन्या दराने ती फेडायला ३६६ टन ऊस तोडावा लागे. नव्या दराने २७३ टन पुरतो. नवरा-बायको मिळून रोज २ टन तोडतात असे धरले तर जुन्या हिशोबाने सहा महिने, नव्याने साडेचार. म्हणजे एकाच बैठकीने एका जोडप्याचे दीड महिन्याचे कष्ट हलके केले. बोलण्याची ताकद ही अशी असते.

पण करार झाला तो फक्त दराचा. मजूर कोणाचा, हा प्रश्न तसाच राहिला. कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार म्हणतो, मी मुकादमाला उचल दिली. मुकादम म्हणतो, मी गावातून माणसे आणली. हे साखळीतले बोलणे माथाड्याच्या जुन्या बोलण्यासारखेच नाही काय? कारखान्याच्या दप्तरात कोयत्यांचा आकडा असतो, पण माणसांची नावे फारशी नसतात. बाई तर नावालाही नसते. कोयता जोडीचा, मोळी दोघांनी बांधलेली, पण उचल नवऱ्याच्या अंगठ्यावर.

याचे परिणाम किती खोल जातात ते २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या बातम्यांनी दाखवले. तोडणीला जाणाऱ्या बायकांमध्ये गर्भपिशवी काढून टाकण्याचे प्रमाण फार आहे असे पुढे आले आणि सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात, या धास्तीने बाई आजारपण अंगावर काढते, हे त्या चर्चेतले एक मोठे कारण होते. ज्याला पगारी रजा नाही त्याला आजारी पडायचीही सोय नाही.

आपल्याच तालुक्याची दोन टोके

आपण शिंदखेड्याची माणसे. आपल्या तालुक्याला तापीचा काठ आहे, सुलवाड्याचा बॅरेज आहे, तिथे ऊस उभा राहतो. आणि याच तालुक्यात बुराईच्या बाजूला अशी गावे आहेत जिथे दिवाळी झाली की विहीर तळ दाखवते. सुलवाडे-जामफळ-कनोली योजनेचे पाणी आपल्या शिवारात येईल या आशेवर कित्येक गावे आहेत. पाणी आले तर तो माणूस घरी राहील. तोवर धुळे-नंदुरबारची आदिवासी व गरीब कुटुंबे सुरत-बारडोलीच्या पट्ट्यात कोयता घेऊन जातात. हे आजचे नाही. यान ब्रेमन नावाच्या डच अभ्यासकाने दक्षिण गुजरातच्या तोडणी मजुरांवर १९७० च्या दशकापासून लिहिले आहे, आणि त्यात आपल्या खानदेशची माणसे आहेत.

आपण एका टोकाला ऊस लावणारे आणि दुसऱ्या टोकाला ऊस तोडायला जाणाऱ्यांचे शेजारी. आपल्या गावचा माणूस परमुलखात कोपीत राहतो तेव्हा त्याच्या हिशोबाची आपल्याला काळजी वाटते. मग दुसऱ्या गावचा माणूस आपल्या फडात येतो तेव्हा ती काळजी कुठे जाते?

आपल्या खिशाचा प्रश्न

कोणी सभासद म्हणेल, "हे सगळं बरोबर, पण भुर्दंड आमच्यावरच ना?" हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही.

२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये रास्त व किफायतशीर दर ठरवला. यातून तोडणी-वाहतूक वजा होऊन बाकी आपल्याला मिळते. म्हणजे मजुराचे ३६६ आणि त्यावर २० टक्क्यांनी मुकादमाचे सुमारे ७३ रुपये आपल्याच बिलातून जातात. पैसे देणारे आपण, पण करार कोण करतो, कोणाशी करतो, मजुराच्या हातात किती पडतात, हे आपल्याला माहीत नसते.

आणि एवढ्यावर भागते का? टोळी फडात आली की खुशाली. ट्रॅक्टर, ट्रक भरला की ड्रायव्हरची एंट्री. वाढे तर जातातच. एकरी किती द्यावे लागले हे प्रत्येकाने आपल्या मनाशी आठवावे. हे पैसे कोणत्याही पावतीवर येत नाहीत. साखर आयुक्तालयाने असे पैसे घेऊ नयेत म्हणून सूचना काढल्या, तरी प्रकार थांबलेला नाही. आम्हाला विचाराल तर खुशाली हा फक्त लोभाचा प्रश्न नव्हे. ज्याला आपल्या कष्टाचा हिशोब कळत नाही तो हातात जे रोख येईल ते घेतो. हिशोब उजेडात आला की खुशालीचे तोंड आपोआप बंद होणार नाही, पण ती मागायला तोंड उरणार नाही.

दुसरा भुर्दंड बुडीत उचलीचा. उचल घेऊन टोळी आलीच नाही, दोन कारखान्यांची उचल एकाच टोळीने घेतली, याच्या फिर्यादी राज्यभर होतात. त्यात वाहतूक करणारे आपलेच तरुण कर्जात बुडतात. उलट बाजूने, उचल फिटली नाही म्हणून मजुराला अडकवून ठेवल्याच्या तक्रारीही होतात. दोन्हींचे मूळ एकच. नोंद नाही, म्हणून विश्वास नाही. विश्वास नाही, म्हणून उचलीची दावण.

वही तयार आहे, नावे घालायची आहेत

सरकारने काहीच केले नाही असेही नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ करण्याचा निर्णय २०१९ साली झाला आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये त्याचे पुण्यातले कार्यालय सुरू झाले. त्यासाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये आणि तेवढेच सरकारने घालायचे असे ठरले. मजुरांची नोंद ग्रामपंचायतीमार्फत करून ओळखपत्र देण्याचे काम निघाले. मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत पहिल्या आखणीत ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे ठरली. केंद्राचे ई-श्रम कार्ड ऑगस्ट २०२१ पासून आहे, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांतही असंघटित कामगाराच्या नोंदणीची तरतूद आहे.

पण माथाडी मंडळ आणि हे महामंडळ यांत एक मोठा फरक आहे. माथाडी मंडळातून मजुरी जाते, म्हणून तिथे प्रत्येक दिवसाचा हिशोब लागतो. महामंडळातून मदत जाते, मजुरी जात नाही. मदत चांगलीच, पण मदत घेणारा लाभार्थी असतो आणि मजुरी घेणारा कामगार असतो. लाभार्थ्याला अर्ज करावा लागतो, कामगार हिशोब मागतो. आपल्याला त्याला कामगार करायचे आहे.

आपल्याला करता येण्यासारखे

कायदा मुंबईत होईल तेव्हा होईल. पण सहकारी कारखाना सभासदांच्या मालकीचा आहे, आणि मालकाला आपल्या दारात काही गोष्टी करायला कोणाची परवानगी लागत नाही. आम्ही पुढील गोष्टी विचारासाठी मांडतो.

एक. हंगामाआधी एक बैठक व्हावी. तिला शेतकी विभाग, वाहतूकदार, मुकादम, सभासदांचे प्रतिनिधी आणि मजुरांनी स्वतः निवडलेली माणसे असावीत. मजुरांतर्फे मुकादमच बोलणार असेल तर ती बैठक अर्धीच. मजुरांच्या माणसांत निम्म्या बायका असाव्यात. मोळी त्या बांधतात, हिशोबही त्यांना कळला पाहिजे.

दोन. टोळीतल्या प्रत्येक माणसाचे नाव, गाव व ओळखपत्र कारखान्याच्या नोंदीत यावे. नवरा एक आणि बायको एक, अशी दोन नावे.

तीन. वजनकाट्याची पावती निघते तशी दर पंधरवड्याला प्रत्येक कोयत्याची चिठ्ठी निघावी. तोडलेले टन, दर, उचल किती, फिटली किती, बाकी किती. ज्याला वाचता येत नाही त्याला ती वाचून दाखवावी. मजुरी मजुराच्या खात्यात आणि कमिशन मुकादमाच्या खात्यात जावे.

चार. उचल लेखी असावी, आणि ती एकाच कारखान्याच्या नावावर आहे याची खात्री इतर कारखान्यांकडून करून घ्यावी. याने बुडवणारा सापडेल आणि प्रामाणिक मजूर सुटेल.

पाच. आजारपण व बाळंतपणाचा खाडा कापू नये. पाणी, दिवा, संडास व पाळणाघर यांची सोय टोळ्या येण्याआधी व्हावी. पूर्वी साखरशाळा चालत, तशी मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी कोणाची हेही त्याच बैठकीत ठरावे.

सहा. खुशाली व एंट्री बंद. तक्रार आल्यास ती त्याच बैठकीतल्या माणसांनी आठ दिवसांत निकाली काढावी. तक्रार मजुराची असो की सभासदाची, नियम एकच.

मुकादमांना यात भिण्याचे कारण नाही. गावोगाव फिरून माणसे जमवणे, त्यांना आणणे, सांभाळणे हे काम आहे आणि कामाचा मोबदला मिळाला पाहिजे. तो कमिशनमध्ये मिळावा, कोऱ्या वहीतून नव्हे.

"हार्वेस्टर येणार आहे, मग हे सगळं कशाला?" असेही काही जण म्हणतात. यंत्र येईल, येत आहे. पण लहान तुकडे, अरुंद सरी, पावसाने ओली रानं, इथे कोयत्यावाचून अजून बराच काळ चालणार नाही. आणि यंत्र आले तरी ते चालवायला, दुरुस्त करायला माणसे लागतील. ज्यांची नावे आपल्या वहीत आहेत त्यांनाच शिकवून त्या कामावर घेता येईल. ज्यांची नावेच माहीत नाहीत त्यांना कुठे शोधणार?

सहकार आपल्या वाडवडिलांनी उभा केला तो सावकाराच्या वहीतून शेतकऱ्याला बाहेर काढण्यासाठी. ती वही सावकाराच्या पेटीत असे, कुळाला दिसत नसे, आणि व्याज कितीचे कितीला जाई ते सावकारच जाणे. आज मुकादमाची वही मजुराला तशीच दिसत नाही, आणि तो मजूर आपल्या फडात उभा आहे. ज्या कारखान्याने आपला हिशोब उजेडात आणला त्याच कारखान्याने त्याचाही आणावा, एवढेच आमचे मागणे आहे.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ऊसदरावर बोलणे होईलच, ते झालेच पाहिजे. त्याच सभेत तोडणीच्या हिशोबावरही एक ठराव यावा. ज्या सभासदांना वरील सहा गोष्टींत भर घालायची असेल किंवा एखादी चुकीची वाटत असेल त्यांनी आपल्या गटाच्या शेतकी अधिकाऱ्याकडे लेखी द्यावे. मतभेद असले तर ते आधी मांडलेले बरे. टोळ्या येऊन कोप्या पडल्यावर बोलायला कोणालाच सवड नसते.